टाउनसेंड हॅरिस आणि ओकिची : एका लोकप्रिय प्रेमकथेचा प्रतिवाद

जपानमधील पहिले अमेरिकन वाणिज्यदूत टाउनसेंड हॅरिस यांच्याविषयी एक कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. युद्धनौकांच्या जोरावर जपानवर व्यापारी करार लादणाऱ्या या लष्करी गृहस्थाने शिमोदा या जपानी बंदरात ओकिची नावाच्या गेइशेशी (नृत्य-गायनाने मनोरंजन करणाऱ्या स्त्रीशी) संसार मांडला, करार पदरात पडताच तिला टाकून तो मायदेशी परतला, विरहाने तिने जीव दिला आणि ‘मादाम बटरफ्लाय’ हा ऑपेरा याच घटनेवर बेतला, असे तिचे स्वरूप आहे. या कथेने एका माणसाचे खरे आयुष्य झाकून टाकले आहे आणि एका स्त्रीचे दुःख तर विकायलाच काढले आहे, म्हणून तिच्यातील एकेक विधान तपासणे आवश्यक वाटते.

हॅरिस लष्करी अधिकारी नव्हते. न्यूयॉर्क राज्यातील सँडी हिल या गावी १८०४ मध्ये एका टोप्या बनवणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. किशोरवयातच ते न्यूयॉर्क शहरात दुकानात नोकरीला लागले आणि पुढे भाऊ जॉन यांच्याबरोबर चिनी मातीच्या भांड्यांच्या आयातीचा व्यापार करू लागले. औपचारिक शिक्षण फारसे मिळाले नाही, ती उणीव त्यांनी स्वतः वाचून आणि फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन शिकून भरून काढली. ब्रिटिशांविषयीचा त्यांचा अविश्वास मात्र घरातला, स्वातंत्र्ययुद्ध पाहिलेल्या आजीकडून आलेला होता. शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष असताना त्यांनी गरिबांच्या मुलांनाही उच्च शिक्षण विनाशुल्क मिळावे यासाठी ‘फ्री अकॅडमी’चा आग्रह धरला. श्रीमंत आणि गरीब मुलांनी एकत्र बसावे, भेद असलाच तर तो मेहनतीचा, वर्तनाचा आणि बुद्धीचा असावा, ही त्यांची भूमिका होती. १८४७ मध्ये मतदारांनी या संस्थेला मान्यता दिली, १८४९ मध्ये ती सुरू झाली आणि आज ती सिटी कॉलेज म्हणून ओळखली जाते. माझ्या मते हॅरिस यांचे हेच सर्वांत टिकाऊ काम आहे, आणि लोकप्रिय कथेत नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

हॅरिस यांनी लग्न केले नाही. आईशी त्यांचे नाते फार जवळचे होते. १८४७ मध्ये तिचे निधन झाले, त्यानंतर त्यांचे मन कामात लागेना आणि १८४९ पर्यंत भावाबरोबरची भागीदारीही संपली. मग एका जहाजात हिस्सा घेऊन त्यांनी काही वर्षे आशियाई बंदरांत व्यापार केला आणि १८५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी त्यांची वाणिज्यदूत म्हणून नेमणूक केली.

आता युद्धनौकांविषयी. ऑगस्ट १८५६ मध्ये ‘सॅन जॅसिंटो’ने त्यांना शिमोद्याला सोडले आणि ती निघून गेली, त्यानंतर सुमारे वर्षभर एकही अमेरिकन युद्धनौका तिकडे फिरकली नाही. काकिझाकी गावातील ग्योकुसेन्जी मंदिरात आजारी हॅरिस, त्यांचे दुभाषे हेन्री ह्यूस्केन आणि मोजके नोकर एवढाच हा ‘दबाव’ होता. दबाव अजिबात नव्हता असे मात्र मी म्हणणार नाही. चीनवर चालून गेलेले ब्रिटिश आणि फ्रेंच उद्या जपानकडे वळतील, हा धाक हॅरिस यांनी वाटाघाटीत पुरेपूर वापरला. २९ जुलै १८५८ रोजी झालेल्या करारात अमेरिकन नागरिकांना जपानी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारी आणि जपानचा जकातीचा अधिकार बांधून टाकणारी कलमे आहेत. पहिल्या बंधनातून जपानची सुटका १८९९ मध्ये आणि दुसऱ्यातून १९११ मध्ये झाली. हॅरिस यांच्यावर टीका करायची तर ती येथे करावी. त्याच करारात अफूच्या आयातीला स्पष्ट बंदी आहे, हेही सांगितले पाहिजे, कारण त्याच काळात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात होती.

ओकिचीशी ‘संसार’ हा या कथेचा गाभा आहे आणि तोच सर्वांत पोकळ आहे. मे १८५७ मध्ये शिमोद्याच्या अधिकाऱ्यांनी या किशोरवयीन मुलीला हॅरिस यांच्याकडे पाठवले, तिच्यासाठी २५ र्यो (तेव्हाचे जपानी सोन्याचे नाणे) आगाऊ आणि वर्षाला १२० र्यो ठरले, आणि ह्यूस्केन यांच्याकडेही ओफुकू नावाची मुलगी धाडण्यात आली. हॅरिस यांना शुश्रूषेसाठी कोणी हवे होते की आणखी काही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्या व्यवहारात मुलीची इच्छा विचारलीच जात नव्हती, त्याला निष्पाप ठरवण्याची माझी तयारी नाही. परंतु ती तेथे राहिली सुमारे तीन दिवस. अंगावर गळू झाल्यामुळे तिला घरी पाठवण्यात आले, कामावर परत घ्यावे म्हणून घरच्यांनी अर्ज केला, तरीही काही काळाने पैसे देऊन व्यवहार संपवण्यात आला. एवढ्यावर वर्षानुवर्षांचे सहजीवन उभे करता येत नाही.

करार होताच ते परतले, हेही खरे नाही. ते १८६२ पर्यंत जपानमध्येच होते. १८६१ मध्ये ह्यूस्केन यांची हत्या झाल्यावर इतर देशांचे दूत एदो (आजचे टोकियो) सोडून योकोहामाला गेले, तेव्हाही हॅरिस एदोतच राहिले.

ऑपेराचा दावा तर चटकन निकालात निघतो : ‘मादाम बटरफ्लाय’चे कथानक नागासाकीत घडते, त्याचा नायक नौदल अधिकारी आहे आणि ते जॉन ल्यूथर लाँग यांच्या १८९८ मधील कथेवरून आलेले आहे. हॅरिस आणि ओकिची यांची प्रेमकथा त्यानंतरची आहे. ती १९२८ च्या सुमारास एका जपानी कादंबरीमुळे घरोघरी पोहोचली आणि १९५८ मध्ये जॉन वेन यांनी हॅरिस यांची भूमिका केलेल्या हॉलिवूडच्या चित्रपटाने ती जगभर नेली.

उरला तिचा मृत्यू. ओकिची नदीत बुडून मरण पावली ती १८९० च्या सुमारास, म्हणजे त्या तीन दिवसांनंतर तीसहून अधिक वर्षांनी. हॅरिस यांचे तर १८७८ मध्येच न्यूयॉर्क येथे निधन झाले होते. मधल्या काळात ती दुसऱ्या पुरुषाबरोबर राहिली, तिने केशरचनेचा व्यवसाय केला, शिमोद्यात खानावळ चालवली, आणि परक्याची बाई म्हणून गावाने केलेली हेटाळणी, दारू आणि गरिबी यांनी ती खचत गेली. तिला ‘परक्याची बाई’ म्हणणारे आणि हॅरिस यांच्या त्या मंदिरात पाठवणारे लोक शिमोद्याचेच होते.