रेशमी स्कार्फ मिठात भिजवा म्हणणारा तो मेसेज आणि त्यातली गडबड

लग्नसराई आली की तो मेसेज येतोच. यंदाही आला, एकाच दिवशी माहेरच्या ग्रुपवर, सासरच्या ग्रुपवर आणि बचत गटाच्या ग्रुपवर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ड्रायक्लीनवाले लुटतात म्हणून रेशमी स्कार्फ, स्टोल, साडी सगळं घरीच चमकवा. नवीन कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा म्हणजे रंग पक्का होतो, मग शॅम्पू-कंडिशनरनं धुवा कारण रेशीम आणि केस एकच, डाग असला तर लिंबू नाहीतर पेट्रोल, वाळवायचं कडक उन्हात, ठेवायचं डांबरगोळ्या टाकून प्लास्टिकच्या पिशवीत आणि इस्त्रीच्या आधी तासभर फ्रीजरमध्ये. खाली हात जोडलेले आणि "सगळ्या बहिणींपर्यंत पोचवा".

पोचवायच्या आधी जरा थांबा बाप्पा. यातलं थोडं बरोबर आहे, ते मी सांगतेच, पण बाकीचे सगळे कापसाचे नियम आहेत आणि ते रेशमावर चालवून राहिले. आपण विदर्भातल्या कापसाच्या पट्ट्यातली माणसं, सुती कापड आपटा, उकळा, सोडा टाका, उन्हात टाका, ते सगळं सोसतं, त्यामुळं आपला हातच तसा झालेला आहे. कापूस झाडाचा, रेशीम किड्यानं काढलेलं प्रोटीन. कापसाचा धागा ओला झाला की उलट मजबूत होतो आणि रेशमाचा 15 ते 20 टक्के कमजोर होतो. म्हणजे जे कापड ओलं असताना सगळ्यात नाजूक असतं तेच हा मेसेज रात्रभर भिजवून ठेवायला सांगतो!

मिठाचंच आधी घेऊ. हे हवेतून नाही आलं. सुती कापड रंगवताना रंगाच्या भांड्यात मीठ टाकतात हे खरं आहे, त्यानं रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलला जातो. पण ते रंगवताना. रेशमाला बहुतेक वेळा ॲसिड डाय वापरतात, तिथं रंग धरायला आम्ल आणि गरम पाणी लागतं, आणि एकदा कापड रंगवून, विणून, दुकानातून तुमच्या घरी आलं की मग थंड पाण्याच्या बादलीत किलोभर मीठ ओता, जो रंग सुटायचा तो सुटतोच. वरून मिठानं रेशमाचा धागा खराब होतो, घामानं काखेतलं रेशीम आधी विरतं त्याचं एक कारण घामातलं मीठच आहे. आणि माझं सासर खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या बाजूचं, इथल्या बोअरच्या पाण्यात मीठ वेगळं टाकायची गरजच नाही, चहासुद्धा खारट होतो! इथं तर रेशीम धुवायचं असेल तर नळयोजनेचं गोडं पाणी नाहीतर पावसाचं धरून ठेवलेलं पाणी वापरा, निदान शेवटचं खंगाळणं तरी त्यात करा.

रंग जाणार की नाही हे बघायचं असेल तर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून पिळा, स्कार्फच्या आतल्या काठावर ठेवून बोटानं मिनिटभर दाबा. तुकड्यावर रंग उतरला तर तो स्कार्फ घरी पाण्यात घालायचाच नाही.

शॅम्पूवाला मुद्दा अर्धा बरोबर. केस प्रोटीन, रेशीम प्रोटीन, आणि साधा सौम्य बेबी शॅम्पू चमचाभर बादलीत टाकला तर काही बिघडत नाही, कपड्याच्या पावडरीपेक्षा शंभरपट बरा. पावडर आणि निळी वडी दोन्ही खारी म्हणजे अल्कलीवाली, आणि आजकालच्या बऱ्याच पावडरींत डाग खाणारी एन्झाइमं असतात, ती प्रोटीनचे डाग खातात, आता रेशीम स्वतःच प्रोटीन असल्यावर ती डाग कुठला आणि कापड कुठलं हे बघत बसणार आहेत का? माझं माहेर मोहाडी तालुक्यातलं, आंधळगावच्या बाजूचं, तिकडं कोशाचे म्हणजे टसर रेशमाचे माग आहेत. कोशावर नैसर्गिक डिंक असतो, तो काढायला गरम पाणी आणि सोडा-साबणच वापरतात, त्यानंच तर धागा मोकळा होतो. पण तो डिंक एकदा निघाला की पुढं त्याच सोड्याला खायला फक्त धागा उरतो. म्हणून मागावरच्यांनी सोडा वापरला तर आपण का नाही, हा हिशोब चुकीचा आहे.

कंडिशनर मात्र बिलकुल नको. केसांवर खवले असतात, ते खरखरीत झाले की कंडिशनर त्यांच्यावर बसून गुळगुळीत करतं. रेशमाच्या धाग्याला खवलेच नसतात, मग तो चिकटपणा वर नुसता बसतो, धूळ धरतो आणि इस्त्री फिरवली की पिवळा पडतो. रिठा चालतो, आज्या उगाच वापरत नव्हत्या, फक्त रिठ्याचं पाणी तांबूस असतं तर पांढऱ्या किंवा मोतिया रंगाच्या कापडाला जपून.

डागांचं लंबं आहे कारण आपल्याकडं रेशमाला डाग पडायचा एक ठरलेला सीझन आहे, महालक्ष्म्या. तीन दिवस साड्या उभ्या, वर हळद-कुंकू, समईचं तेल, आंबिलीचा थेंब. आणि मेसेज म्हणतो सगळ्याला लिंबू. लिंबाचा रस सरळ कापडावर पिळला तर डागाबरोबर आजूबाजूचा रंगही फिका पडू शकतो, मग कुंकवाच्या लाल ठिपक्याऐवजी पांढुरका गोल मिळतो आणि तो कायमचा. कुंकू सांडलं तर ओला हात लावूच नका, कोरडंच झटका, उरलेलं मऊ ब्रशनं नाहीतर कोरड्या कापसाच्या बोळ्यानं वरच्यावर उचला, पाणी लागलं की तो रंग धाग्यात उतरतो. तेल पडलं तर टाल्कम पावडर जाड थरानं टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, परत टाका. हळदीला साबण लावला की डाग लालभडक होतो, घाबरू नका, हळद खाऱ्याला तसं करतेच, पण म्हणूनच साबण नको. हळद उन्हानं उडते हेही खरं, पण रेशमाचा रंगही उन्हानं उडतो, तेव्हा हळदीचा डाग आणि महागडी साडी असेल तर सरळ चांगल्या ड्रायक्लीनरकडं न्या आणि डाग कशाचा आहे ते त्याला सांगा.

मेसेजमध्ये नाही पण सांगते, पांढऱ्या व्हिनेगरचा एक उपयोग खरा आहे. शेवटच्या खंगाळण्याच्या बादलीत दोन चमचे. जड पाण्यातल्या साबणाचा पांढरा थर निघतो आणि चमक परत येते. मात्र जरीच्या कापडाला तेही नको.

आता पेट्रोल. हे वाचून खरंच डोकं फिरलं माझं. लाँड्रीवाले पेट्रोल वॉश म्हणतात म्हणून लोकांना वाटतं गाडीतलं पेट्रोल काढून बोळा बुडवला की झालं. ते लोक त्या कामाचं वेगळं सॉल्व्हंट वापरतात. गाडीच्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत चुलीपर्यंत, गॅसपर्यंत, देवघरातल्या दिव्यापर्यंत जाते, आणि कोरड्या हवेत रेशीम घासलं की त्यातूनच ठिणगी उडते, हिवाळ्यात अंधारात रेशमी कापड ओढून बघा. साडी राहू द्या, माणूस जळेल. हा मुद्दा तरी फॉरवर्ड करू नका व माय.

ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं 45 डिग्रीच्या आसपास पारा जातो, त्या उन्हात रेशीम टाकणं म्हणजे पापड वाळवणं. पांढरं रेशीम पिवळं पडतं, रंगीत विटतं, धागा ठिसूळ होतो. धुतलेला स्कार्फ पिळायचा नाही, जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळायचा, हलक्या हातानं दाबायचा, मग ओसरीत सावलीला दोरीवर सुती कापड टाकून त्याच्यावर. एवढ्या कोरड्या हवेत तासाभरात वाळतो, ऊन कशाला पाहिजे? उन्हाळ्यात गाडीवर तोंडाला बांधायलाही रेशमी स्कार्फ नको, ऊन आणि घाम दोन्ही एकदम लागतात. त्याला आपला सुती दुपट्टाच बरा.

डांबरगोळ्यांनी कसर मरते, खोटं नाही. पण त्यांचा वास महिनोनमहिने जात नाही, जरीला त्या लागल्या की काळं पडायची भीती, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आपण बारशाला बाळाला आलमारीतल्याच रेशमी शेल्यात गुंडाळतो. काही बाळांना जन्मतः जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, त्यांना या गोळ्यांच्या वाफेनं रक्तातल्या लाल पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते, हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत आहे. कसर रेशमापेक्षा त्यावरच्या घामाला, खळीला, सांडलेल्या अन्नाला जास्त येते, म्हणून स्वच्छ करूनच ठेवा. प्लास्टिकमध्ये श्रावणातली ओल कोंडते आणि बुरशीचे ठिपके पडतात, त्यापेक्षा जुनं धुतलेलं धोतर किंवा लुगड्याचा तुकडा घ्या, त्यात गुंडाळा. कडुलिंबाचा पाला खडखडीत वाळवून पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवा, कापडाला टेकवू नका. आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, करवतकाठीसारखी (करवतीच्या दातांसारख्या काठाची कोशाची) साडी पहिले घडीवरच चिरते.

फ्रीजर वगैरे नाटक आहे. रेशीम किंचित दमट असताना उलट्या बाजूनं, इस्त्री सिल्कवर ठेवून, वर पातळ सुती कापड टाकून फिरवली की चुण्या जातात. कोशावर पाणी शिंपडू नका, थेंबाचे डाग दिसतात, पूर्ण कापड सारखंच दमट पाहिजे.

ड्रायक्लीनवाले लुटतात, याला मी पूर्ण नाही म्हणणार नाही. साधा एकरंगी कोशाचा स्टोल घरी मजेत धुता येतो. जरीचं, हातानं रंगवलेलं, दोन-तीन गडद रंग एकत्र असलेलं मात्र नाही.

आता ग्रुपवर एक उत्तर हमखास येतं, "मी सगळं असंच करते, माझ्या सिल्कच्या स्कार्फला तर काहीच झालं नाही". यावर भांडत बसू नका. आठवडी बाजारात आणि सेलमध्ये सेमी सिल्क, आर्ट सिल्क, सॉफ्ट सिल्क नावानं काय काय विकतात ते आपल्याला माहीत आहे, सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाची खूण असलेलं, लेबल बघून घेणारे किती? त्या ताईला म्हणा काठाचा एखादा सुटा धागा ओढा, चिमट्यात धरा, आगपेटीची काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम. कागदासारखा भुर्रकन जळला तर व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. आणि वितळून टोकाला कडक मणी झाला तर ते पॉलिस्टर, मग खुशाल मिठात टाका, मशीनमध्ये फिरवा, त्याला खरंच काही होत नाही.