लिव्हरमधलं लोह मोजायला डाय लागत नाही
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘डायलिसिसच्या पेशंटनं लिव्हरचा एमआरआय करू नये, डाय टोचतात.’ हे चुकीचं आहे. नुसतं लोह मोजायला गॅडोलिनियमचा डाय (एमआरआयचं चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून टोचतात ते औषध) लागतच नाही. लोह साठलं की एमआरआयचा सिग्नल लवकर विरतो. त्या वेगावरून प्रमाण काढतात. पेशंटनं काही सेकंद श्वास रोखायचा, एवढंच.

भीती मुळात खोटी नाही. काही जुन्या गॅडोलिनियम डायमुळे किडनी निकामी झालेल्यांना त्वचा घट्ट होण्याचा गंभीर आजार झाला आहे. पण डाय टोचून करतात ती तपासणी वेगळी.

फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) वाढलं म्हणजे लिव्हर लोहानं भरलं, असंही नाही. जंतुसंसर्गातही ते वाढतं. कृपा करून डायलिसिसच्या पेशंटला मिळणारं लोहाचं इंजेक्शन परस्पर बंद करू नका, आधी नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा. पेसमेकर असेल तर एमआरआयपूर्वी नक्की सांगा.