रबरबँडवाले शूरवीर

म्हणे 'एक्सपी फार्मिंग म्हणजे काही चीटिंग नाही!' एक्सपी म्हणजे व्हिडिओ गेम खेळून मिळणारे अनुभवाचे गुण, आणि फार्मिंग म्हणजे तेच ते करून ते गोळा करत बसणं. अरे, एकट्याने रानात जाऊन तेच डुक्कर हजारदा मारा, कोण अडवतंय? पण पाच-पाचच्या मॅचमध्ये कंट्रोलरच्या दोन्ही स्टिकना रबरबँड ताणून लावायचा, कॅरेक्टर जागच्या जागी गरगरत राहतं, गेमला वाटतं माणूस खेळतोय, म्हणून बाहेर काढत नाही. मॅच संपली की एक्सपी जमा. तोवर उरलेले चौघे पाचांशी झुंजत बसतात! टीम फोर्ट्रेस २ या गेममध्ये बाहेरचा प्रोग्राम लावून न खेळताच फुकट वस्तू जमवणाऱ्यांच्या त्या वस्तू, गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २००९ मध्येच काढून घेतल्या, प्रामाणिकांच्या कॅरेक्टरच्या डोक्यावर चक्क प्रभावळ चढवली. तरी हे शहाणे वर तोंड करून विचारणार, 'हॅक कुठे वापरलाय?'