तीन पेडांचे पितृत्व

सकाळी पावणेसात वाजता कोथरूडच्या आमच्या घरात इयत्ता तिसरीतली कन्या माझ्याकडे पाठ करून बसते, कंगवा आणि तुळशीबागेतून आणलेल्या दोन तांबड्या रिबिनी माझ्या हाती देते आणि म्हणते, "ए बाबा, आज तरी दोन्ही सारख्या घाल." मी माझ्या वडिलांना 'अहो अण्णा' म्हणत असे, तेही उंबऱ्याबाहेरून, आकाशवाणीच्या बातम्या चालू असताना त्यांच्या खुर्चीजवळ घरातले मांजरसुद्धा फिरकत नसे. अण्णा बहिणीची वेणी घालायला बसले असते, तर आजीने आधी वैद्यांना बोलावणे धाडले असते.

वेणीला तीन पेड लागतात आणि मला हात दोनच आहेत, हा हिशेब अजून सुटलेला नाही. भांग टाळूपासून लक्ष्मी रस्त्यासारखा सरळ निघतो आणि मानेशी पोहोचेपर्यंत सदाशिव पेठेतल्या एखाद्या बोळात शिरतो. त्यामुळे उजवी वेणी दोरखंडासारखी होते आणि डावी उंदराच्या शेपटीसारखी. गुंता ओढला गेला की कन्या किंचाळते, तिच्या किंचाळण्याने धाकटा जागा होतो, आणि डबा भरणारी पत्नी काही न बोलता झाकण जरा जोरात लावते.

हे काम मी जाहिरातींच्या भरवशावर अंगावर घेतले होते. २०१६ साली धुण्याच्या पावडरीच्या एका जाहिरातीत वयस्क वडील लेकीची माफी मागतात आणि स्वतःच्या घरी परतल्यावर कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकतात. ती पाहून माझेही डोळे भरून आले होते. मात्र जाहिरातीतल्या बापाच्या वाट्याला बहुधा बटण दाबून होणारी कामेच येतात, हे फार उशिरा लक्षात आले.

सरकारनेही बापाचा विचार केलेला आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत आईला १८० दिवसांची रजा मिळते आणि बापाला १५. तेवढ्यात मी लंगोट बांधण्यापर्यंत पोहोचलो होतो. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे येते, त्यामुळे धाकट्याच्या बाबतीत मी एक घर मागे सरकलो. घरातली प्रत्यक्ष परिस्थिती पाहता ही बढतीच म्हणायला हवी.

बाहेर मात्र माझे कौतुक फार. शेजारच्या काकू जिन्यात थांबवून म्हणतात, "किती हो करता मुलीचं!" गेली आठ वर्षे तेच करणाऱ्या पत्नीला त्या इतकेच विचारतात, की आज भाजी कोणती.

परवा व्हॅनचा हॉर्न वाजला तेव्हा डावी वेणी अर्धीच झाली होती. तशीच कन्या घेऊन मी खाली धावलो. रोज हॉर्नवरून ज्यांच्याशी मी हुज्जत घालतो, ते व्हॅनवाले काका उतरले, त्यांनी रिबीन दातांत धरली, दोन्ही वेण्या सोडल्या आणि मिनिटभरात चापूनचोपून घातल्या. "साहेब, भांग पाडताना मान खाली घालायला सांगायची," ते म्हणाले. "मला तीन मुली आहेत."

दुसऱ्या दिवसापासून व्हॅन पाच मिनिटे लवकर येऊ लागली आहे.