नेमबाजांच्या नावावर आलेली पिस्तुलं लिलावात कशाला?

ज्याला गोळी झाडायचीच नाही, त्याने अमेरिकन लष्कराच्या जुन्या पिस्तुलासाठी अर्ज करायचाच कशाला? ही माणसं आता माझ्या डोक्यात जायला लागली आहेत. अर्ज करतात, सोडतीत नंबर लागला की खुशाल पिस्तूल घेतात आणि महिना उलटायच्या आत ऑनलाइन लिलावात टाकतात. वर क्लबात येऊन सांगतात, चांगले पैसे सुटले म्हणून.

भारतातल्या वाचकांना इथला, अमेरिकेतला, हा प्रकार माहीत नसेल, म्हणून थोडं मागचं सांगते. जॉन ब्राउनिंगने घडवलेलं पिस्तूल अमेरिकन लष्कराने १९११ साली स्वीकारलं, म्हणून त्याचं नावही १९११. पॉइंट फोर फाइव्ह इंचाची जाड गोळी, मॅगझिनमध्ये सात. दोन्ही महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे हेच. १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल आलं आणि ही पिस्तुलं कोठारात गेली. अलाबामात ॲनिस्टनच्या डेपोत सुमारे एक लाख नग पडून होते आणि नुसते सांभाळायला नगामागे वर्षाला २ डॉलर जात होते. २०१५ च्या शेवटी कायदा झाला, की ही पिस्तुलं सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमला, म्हणजे सीएमपीला, देता येतील आणि सीएमपीने ती नागरिकांना विकावीत. प्रत्यक्ष विक्री सुरू व्हायला २०१८ उजाडलं.

आता सीएमपी हे काही बंदुकांचं दुकान नव्हे. सामान्य नागरिकाला नेम धरायला शिकवायचं काम इथलं सरकार १९०३ पासून करत होतं. १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, त्यासाठी ही स्वतंत्र संस्था उभी केली. ओहायोत कॅम्प पेरीला दर उन्हाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा भरतात. तिथे १९११ साठी खास मॅच असते आणि पिस्तूल सैनिकाच्या हातात जसं पडायचं तसंच लागतं, वर काही नवीन बसवलेलं चालत नाही. मला पिस्तूल हवंय ते या मॅचसाठी. मी कोल्हापूरची. आमच्याच राही सरनोबतने आशियाई खेळांत पालेम्बांगला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मारलं ते ऑगस्ट २०१८ मध्ये, आणि इथे पहिले अर्ज घ्यायला सुरुवात झाली ती पुढच्या पंधरवड्यात. मी किती उत्साहाने पाकीट भरलं असेल ते सांगायला नको.

पाकीट म्हणजे खरंच कागदी पाकीट. नागरिकत्वाचा पुरावा, सीएमपीशी संलग्न क्लबच्या सभासदत्वाचा पुरावा, नेमबाजीचा पुरावा, सगळ्याच्या प्रती, आणि पाठवायचं फक्त पोस्टाने. ४ सप्टेंबरच्या आधीचा शिक्का चालणार नव्हता, ४ ऑक्टोबरनंतरचाही नाही. सुमारे १९,००० अर्ज आले, पिस्तुलं होती ८,०००. संगणकाने प्रत्येक अर्जाला वाटेल तो क्रमांक दिला. क्रमांक आला की फोन, मग पिस्तुलाचा दर्जा निवडायचा: तेव्हा सर्व्हिस १,०५० डॉलर, फील्ड ९५०, रॅक ८५०. पार्श्वभूमीची तपासणी दोनदा, एकदा संस्थेकडून आणि पुन्हा गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे. माझा क्रमांक पार मागे. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सोडत म्हणजे सोडत.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. आमच्या रेंजवर एका गृहस्थांना पिस्तूल मिळालं. क्लबाचे सभासद झाले ते अर्जापुरतेच, त्याआधी आणि त्यानंतर त्यांना फायरिंग लाइनवर कुणी पाहिलेलं नाही. एके दिवशी पेटी घेऊन आले, टेबलावर उघडली. करडं-हिरवट पार्कराइझिंग, म्हणजे गंज रोखणारा लेप, कडांवर घासून पांढरं पडलेलं. तपकिरी प्लास्टिकच्या ग्रिप्स. फ्रेम रेमिंग्टन रँडची, म्हणजे टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीची, आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, कोल्टची. लष्करी वर्कशॉपात दुरुस्तीला गेलेल्या पिस्तुलांचे सुटे भाग असेच एकमेकांत मिसळले. उजव्या अंगाला कोरलेलं: युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी. मी म्हटलं, स्लाइड ओढून बघू का? तर म्हणाले, "नको नको, बोटांचे ठसे उमटतील, भाव पडेल." आणि लगेच मला दुप्पट किंमत सांगितली! चिखलात, वाळूत, पावसात वापरलेलं हत्यार, आणि हा माणूस सुती हातमोजे घालून ते मला विकायला बघतोय.

असे लोक शिरतात कसे, तर नियमच तसे आहेत. नेमबाजीचा पुरावा म्हणून स्पर्धेचा निकाल चालतो, तसाच छुपं पिस्तूल बाळगायचा परवानाही चालतो. तो काही राज्यांत एका दिवसाच्या वर्गावर हातात पडतो. साठी ओलांडली असेल तर पुरावाच नको. साठीच्या लोकांबद्दल माझ्या मनात काही नाही, आमच्या क्लबातले सगळ्यात चांगले नेमबाज त्याच वयाचे आहेत. पण त्यांच्याकडे स्पर्धांच्या गुणपत्रिकांचा ढीग असतो, त्यांना ही सूट लागतच नाही. सूट लागते ती वर सांगितलेल्या गृहस्थांसारख्यांना.

दुसरीकडे नाशिकचा एक मुलगा आमच्याबरोबर खेळतो. माझ्यापेक्षा कितीतरी सरस. ग्रीन कार्डवर आहे. इथल्या कायद्याने तो दुकानातून नवं कोरं १९११ आज विकत घेऊ शकतो, पण या सोडतीत बसत नाही, कारण नागरिकत्वाचा कागद नाही. जो दर शनिवारी घाम गाळतो त्याला दार बंद, आणि ज्याला पेटी उघडायचीही नाही त्याला फोन येतो!

"माझे पैसे, माझं पिस्तूल, मी विकीन नाहीतर ठेवीन," हे उत्तर मला पाठ झालंय. कायद्याने बरोबर आहे, कुणी अडवू शकत नाही. पण ते तुम्हाला बाजारभावापेक्षा कमी किमतीत का मिळालं? नेमबाजी वाढावी म्हणून. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हीच पिस्तुलं सरकार नेमबाजांना १७ डॉलरला देत होतं, तेही याच हेतूने. बाजारभाव आणि तुमची किंमत यांतला फरक लोकांच्या करातून आलेला आहे. तो तुम्ही खिशात घातलात, आणि सिंगरचा नग सापडेल या आशेने पुढच्या फेरीत आणखी अर्ज करताय. सिंगर या शिवणयंत्रवाल्या कंपनीने अवघी ५०० पिस्तुलं बनवली होती. ती तुम्हाला कोठारातल्या ढिगातून मिळणार?

म्हाडाच्या सोडतीत घर लागलं तरी पाच वर्षं विकायचं नाही अशी अट असते, मग पिस्तुलाला का नको? विकायचंच असेल तर आधी संस्थेला मूळ किमतीत परत द्या, ती पुढच्या क्रमांकाच्या माणसाला देईल. आणि अर्जाबरोबर मागच्या वर्षभरातल्या एका तरी स्पर्धेचा निकाल मागा, वय काहीही असो. एवढं केलं तर निम्मी गर्दी आपोआप ओसरेल.

माझा अर्ज पुढच्या फेरीतही जाईल. पण दुप्पट भावाने मी ते घेणार नाही. रेंजवर मला कुणी पुन्हा विचारू नये.