वरच्यांना कळवा

अमेरिकन लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या माहितीपुस्तिका वाचताना माणसाला फार निर्धास्त वाटतं. एका बाजूला बिघाड, त्याच्यापुढे कारण, त्याच्यापुढे उपाय. गाडी सुरू होत नाही? बॅटरीची टोकं बघा. टाकीत इंधन आहे का बघा. एवढं करूनही सुरू झाली नाही, तर वरच्या दुरुस्ती पथकाला कळवा. संपलं. ड्रायव्हरने पुस्तिका मिटायची आणि गाडीच्या सावलीत जाऊन पडायचं.

या पुस्तिकांना पायऱ्या असतात. क्रमांकाच्या शेवटी १० असेल तर ती ड्रायव्हरची, २० असेल तर तुकडीच्या मेकॅनिकची, आणि त्याच्या वर मोठ्या वर्कशॉपची. मी एम ५४३ ए २ हा क्रेन-ट्रक घेतला तेव्हा त्याच्यासोबत फक्त १० वाली आली. म्हणजे गाडीचं प्रत्येक दुखणं मला समजत होतं आणि औषध मात्र वरच्यांकडे होतं. आमच्या घरात वरचं पद एकच आहे, आणि ते गाडी आली त्या दिवशी गॅलरीत उभं होतं.

"अहो, हा चालतो का?"

"चालेल."

"मग आला कसा?"

याचं उत्तर समोरच होतं. बंद पडलेल्या गाड्या ओढणं हाच ज्याचा जन्माचा धंदा, ज्याच्या मागच्या विंचची, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची, ओढ ४५,००० पौंड, म्हणजे वीस टनांच्याही वर, त्या पैलवानाला दुसऱ्या एका क्रेनने गळ्यात दोर बांधून आणलं होतं. मी विषय बदलला.

पहिलं काम चाकांचं. तीन अ‍ॅक्सल, मागच्या दोन्हींना जोडचाकं, म्हणजे एकूण दहा टायर. चाक ज्यावर बसतं त्या प्रत्येक हबला दहा स्टड, म्हणजे नट घट्ट करायचे आटेदार दांडे. असे सहा हब, म्हणजे साठ नट, तेही फक्त बाहेरचे. मागच्या जोडचाकांत बाहेरचं चाक काढलं की आतलं चाक धरून ठेवणारे चौकोनी डोक्याचे आणखी नट निघतात, ही आनंदाची बातमी मला नंतर कळली.

उजवीकडचे नट कुरकुरत का होईना, सुटले. डावीकडे पहिलाच नट हलेना. तेल सोडलं. रात्रभर मुरू दिलं. पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून त्यावर लोंबकळलो. नट नाही, पाइप वाकला. शेजारचे काका हात मागे बांधून उभे होते. ते म्हणाले, "उलटं फिरवून बघा."

काकांचा हा सल्ला जगातल्या सर्व वस्तूंना लागू असतो. बरणीचं झाकण, नळ, कुलूप, एकदा तर आमचा कॉम्प्युटरसुद्धा. त्यामुळे मी हसून मान डोलावली आणि आणखी लांब पाइप शोधला. संध्याकाळपर्यंत एक स्टड तुटला. तुटलेल्या तुकड्यावरचा हिरवा रंग खरवडला, तर खाली स्पष्ट अक्षर कोरलेलं : एल. एल म्हणजे लेफ्ट. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून या गाड्यांच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात. दिवसभर मी जीव खाऊन ते नट घट्ट करत होतो.

पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं. चाक बदलण्याच्या पानावर. मी ते पान वाचलं नव्हतं, कारण चाक बदलायला काय वाचायचं!

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहाटे उठून नट काढले. काकांना अजून माहीत नाही.

ब्रेकचं फार सांगत नाही, कारण त्यात गंमत नाही. पेडलला हवेची मदत असली तरी चाकांपर्यंत जोर नेणारं ऑइल एकाच वाटेने जातं. एक होज, म्हणजे रबरी नळी, फुटला की दहाही चाकं मोकळी. जुनं काहीही न ठेवता सगळे होज आणि व्हील सिलिंडर नवे घातले.

इंजिनाबद्दल मात्र सांगायलाच हवं. सहा सिलिंडर, ७.८ लिटर, टर्बो, आणि नाव मल्टिफ्युएल. डिझेल, रॉकेल, वेळ पडली तर पेट्रोल, समोर येईल ते पिऊन चालावं अशीच त्याची रचना. इतक्या सोशिक इंजिनालाही पचू नये असा एक पदार्थ टाकीच्या तळाशी होता. तो ओतावा लागला नाही, खरवडावा लागला. त्याचा वास माझ्या कपड्यांना, कपड्यांचा कपाटाला आणि कपाटाचा आमच्या संसाराला लागला. वर कहर म्हणजे सहाही सिलिंडरांना इंधन वाटणाऱ्या पंपाचा प्लंजर, म्हणजे इंधन ढकलणारा दट्ट्या, एकच, आणि तोच चिकटून बसलेला. सहा घरांचा एक दूधवाला आणि तोच झोपलेला. त्याला उठवायला तीन आठवडे गेले. मग एका सकाळी त्याने पांढऱ्या धुराचा लोट सोडला, टर्बोने शीळ घातली आणि वरून खिडक्या लागल्याचे आवाज आले.

राहिली क्रेन. चार लिव्हर : एक फिरवायला, एक बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, वर-खाली करायला, एक लांबवायला, एक हूक उचलायला. बूम झोकात वर गेली. मी ती तशीच ठेवून झोपलो आणि सकाळी पाहतो तर तिने हळूहळू पार मान टाकलेली. बूम उचलणाऱ्या सिलिंडरमधलं सील कडक होऊन ऑइल आतल्या आत पलीकडे जात होतं. शिवाय होजला बारीक भोक. ते बोटाने शोधायचं नसतं, दाबाखालचं ऑइल कातडीत शिरतं, पुठ्ठा धरायचा. आमच्या लग्नाच्या अल्बमचा पुठ्ठा चांगला जाड निघाला. हे मी वर कळवलेलं नाही.

नवं सील बसवलं आणि पहिलं वजन म्हणून अंगणातली गंजलेली लोखंडी टाकी निवडली. ती हलवायचं मी पाच वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. जॅक टेकवले, साखळी लावली, लिव्हर ओढला. टाकी उचलली गेली! बूम डौलात फाटकाकडे वळली, बायकोच्या स्कूटरच्या बरोबर वर आली, आणि इंजिनाने एक आचका देऊन प्राण सोडले.

इंजिन बंद म्हणजे क्रेनला ऑइल पुरवणारा पंप बंद, पंप बंद म्हणजे चारही लिव्हर शोभेचे. सील मात्र झकास बसलं होतं. टाकी केसभरही खाली येईना. मी सगळ्यांना लांब उभं केलं आणि पुस्तिका उघडली. बॅटरीची टोकं ठीक. इंधन भरपूर. बोट शेवटच्या ओळीवर आलं.

"अगं," मी गॅलरीकडे बघून म्हटलं.

"पाहिलं," वरून उत्तर आलं. "मी बसने जाते."