बेडनारिकने गिफर्डची कारकीर्द संपवली? नाही

जमिनीवर निपचित पडलेला खेळाडू, शेजारी मूठ उगारलेला दुसरा. अमेरिकन फुटबॉलमधला हा कृष्णधवल फोटो एका मजकुरासह फिरतो: 'चक बेडनारिकने एका टकरीत फ्रँक गिफर्डची कारकीर्द संपवली आणि त्याच्यासमोर नाचला. अशा टकरींमुळेच त्याचं नाव काँक्रीट चार्ली. 14 वर्षं तो सामन्याची 60 मिनिटं दोन्ही बाजूंनी खेळला.'

कारकीर्द संपली हे साफ चूक. टक्कर 20 नोव्हेंबर 1960 ची, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवरची; बेडनारिक फिलाडेल्फिया ईगल्सचा, गिफर्ड न्यूयॉर्क जायंट्सचा. गिफर्डला मेंदूचा जबर आघात झाला, 1961 चा मोसम पूर्ण बुडाला. पण 1962 ला तो जायंट्सकडे परतला, जागा बदलून हाफबॅकचा (चेंडू घेऊन धावणारा) फ्लँकर (कडेला राहून पास झेलणारा) झाला आणि 1964 पर्यंत खेळला. 1963 साली प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठीही निवडला गेला.

मूठ कशासाठी? गिफर्ड पास झेलून मैदान आडवं कापत होता. टकरीत चेंडू सुटला, तो ईगल्सच्या चक वेबरने उचलला आणि सामना तिथेच निकालात निघाला: 17-10. आनंद त्या चेंडूचा होता, असं बेडनारिक शेवटपर्यंत सांगत राहिला. फोटोत चेंडू नाही, म्हणून गैरसमज. टक्कर नियमात होती. फाउल दिला गेला नाही.

टोपणनावाची गंमत वेगळीच: मोसम नसताना तो खरोखर काँक्रीट विकायचा. तेव्हाच्या पगारात असे जोडधंदे सर्रास चालत.

राहिली 60 मिनिटं, म्हणजे पूर्ण सामना आक्रमणात आणि बचावातही खेळणं. 1950 पासून एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येऊ लागले. त्यामुळे आक्रमणाचा आणि बचावाचा संघ वेगळा झाला. बेडनारिक पन्नासच्या दशकात मुख्यतः लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू होता. 1960 चा मोसम त्याने आक्रमणात सेंटर म्हणून, म्हणजे पायांमधून चेंडू मागे देणारा म्हणून सुरू केला. मग लाइनबॅकर बॉब पेलेग्रिनी जखमी झाला आणि पस्तिशीतल्या बेडनारिकला दोन्हीकडे उतरावं लागलं. 26 डिसेंबरच्या अंतिम सामन्यात तो 58 मिनिटं मैदानावर होता. शेवटच्या चालीत त्याने ग्रीन बेच्या जिम टेलरला गोलरेषेपासून दहा यार्डांच्या आत पाडलं आणि वेळ संपेपर्यंत उठू दिलं नाही. ईगल्स 17-13 जिंकले. ग्रीन बेचे प्रशिक्षक लोंबार्डी बाद फेरीत हरले ते एवढ्या एकाच सामन्यात.